माशांचे लॉग्ज

शुक्रवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. ऑन-कॉल होतो, त्यामुळे फोन वाजला की पोटात गोळा येतो तसा आला. पण स्क्रीनवर ऑफिसचा नंबर नव्हता, भाऊचा होता. भाऊ म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बोरीला शेती बघतो. रात्री नवानंतर जागा असण्यातला माणूस नाही.

"मासे मरायलेत रे," तो म्हणाला. जेवलास का नाही, कसा आहेस नाही. डायरेक्ट.

"किती?"

"आता अंधारात मोजू का? बॅटरी मारली की पांढरे पोटं दिसायलेत नुस्ते."

मी दोन सेकंद गप्प. कारण त्या माशांमध्ये माझे पैसे होते, आणि पैशांपेक्षा जास्त म्हणजे माझी अक्कल होती. :)

आधी थोडं सांगतो. बोरी हे परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं, झरी मागे पडली की थोड्या वेळाने येतं. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. आमच्या वावराच्या खालच्या अंगाला शेततळं आहे. प्लास्टिकचं अस्तर वगैरे काही नाही, पावसात वरच्या रानातलं पाणी चारीने येतं आणि साठतं. दोन वर्षं ते नुसतंच भरून होतं. मी हैदराबादला बसून यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले, एक एक्सेल शीट बनवली (तीन टॅब, एक ग्राफ.. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार) आणि भाऊला पटवलं की यात मासे सोडू. रोहू, कटला, मृगळ. मत्स्यबीज आणलं, बोटुकली म्हणतात त्या आकाराचं. दोन हजार नग. जुलैत सोडली आणि सप्टेंबरात हा फोन.

फोन ठेवला आणि लगेच माझ्या मावसबहिणीला लावला. ती उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली. घरात तिची सगळे चेष्टा करायचे, "कोळीण होणार का गं?" म्हणून. आता ती सगळ्यांत उपयोगी नातेवाईक निघाली. तिने उचलताच पहिला प्रश्न विचारला, "मरायला कधी लागले? पहाटे का संध्याकाळी?"

"संध्याकाळपासून म्हणतोय."

"ढग आहेत का तिकडं?"

"तीन दिवस झाले ऊन नाही."

"हं. पहाटेपासून असतं तर मी सरळ ऑक्सिजन म्हटलं असतं. रात्रभर पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन खातं, पहाटे सगळ्यात कमी असतो, मासे वर येऊन तोंड उघडतात. पण संध्याकाळी म्हणजे... वरच्या रानात फवारणी झाली का?"

झाली होती. परवा. आणि काल संध्याकाळी धो धो पाऊस.

"मग दादा, एक काम कर. भाऊला सांग, जे आत्ता मरतायत, अजून तडफडतायत, त्यातले चार-पाच बाजूला काढ. बर्फात ठेव. मेलेले नकोत, कालचे तर नकोच."

मी भाऊला फोन केला. तो म्हणाला, "बर्फ? रात्री बारा वाजता? बोरीत?" आणि ठेवून दिला.

पहाटेची बस धरून नांदेडमार्गे दुपारी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. बांधाला खड्डा करून मासे पुरले होते. वास यायला लागला होता, कुत्री जमली होती, दुसरं काय करणार. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पडला, कोणीतरी आधी रिस्टार्ट मारला, डिस्क फॉरमॅट केली आणि मग मला विचारलं, का पडला सांग. ज्यांनी प्रॉडक्शन सपोर्ट केलाय त्यांना हे दुःख कळेल.

बसमध्ये आणि नंतरच्या आठवडाभरात बहिणीने मला जे सांगितलं, त्यामुळे मी या विषयाच्या मागे लागलो. तिला ते मासे बर्फात का हवे होते? तिला त्यांचं लिव्हर हवं होतं. म्हणजे यकृत. आणि यकृतातला आरएनए.

आपल्या लोकांसाठी असं समजा. प्रत्येक पेशीत डीएनए असतो, तो म्हणजे अख्खा सोर्स कोड. डोळ्याच्या पेशीत तोच, यकृतात तोच. पण सगळा कोड सगळीकडे रन होत नाही. जे जनुक लागतं तेवढंच उघडलं जातं आणि त्याच्या आरएनएच्या प्रती निघतात. त्या प्रती मोजल्या की पेशी या क्षणी कशात गुंतलेली आहे ते कळतं. हे जीन एक्स्प्रेशन. कोड बघून सिस्टिम कशी बनलीय ते कळतं, आज दुपारी तिच्यावर काय गुदरलं ते लॉग्जमध्येच सापडतं. आरएनए म्हणजे लॉग्ज. आणि हे लॉग्ज फार लवकर पुसले जातात. मासा मेला की आरएनए कुजायला लागतो, म्हणून तो बर्फाचा आटापिटा. खरं तर बर्फही तात्पुरता, प्रयोगशाळेत उणे ८० अंशात किंवा खास द्रावणात ठेवतात.

मोजायची पद्धत ऐकून मला हसू आलं, कारण ती आपल्या सगळ्यांच्या नाकातून झालेली आहे. आरटी-पीसीआर! करोनात काडी घालून केली तीच. आरएनएवरून उलटा डीएनए बनवायचा, मग तो दर फेरीला दुप्पट करत जायचा आणि कितव्या फेरीला यंत्राला दिसतो ते लिहायचं. २०२०-२१ मध्ये ज्यावर आपण व्हॉट्सॲपवर भांडायचो ती सीटी व्हॅल्यू म्हणजे हीच फेरी. समजा चांगल्या पाण्यातल्या माशात एखादं जनुक २७व्या फेरीला दिसलं आणि संशयित पाण्यातल्या माशात २२व्याला. पाच फेऱ्यांचा फरक, दोनाचा पाचवा घात, म्हणजे ३२ पट जास्त प्रती. पॉवर्स ऑफ टू! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अर्थात नमुना कमीजास्त घेतला गेला असेल, म्हणून सहसा न बदलणारं एखादं जनुक तुलनेला सोबत मोजतात.

कोणतं जनुक वाढलं त्यावरून कशाचा मार बसला याचा अंदाज येतो. कॅडमियम, तांबं, जस्त असे धातू पाण्यात वाढले की मेटॅलोथायोनिन नावाचं, धातूला पकडून ठेवणारं प्रथिन पेशी जास्त बनवायला लागते. डिझेलचा धूर, जळकं तेल, डायॉक्सिन असल्या गोष्टींनी सीवायपी१ए नावाचं जनुक चेकाळतं, कारण ते असला कचरा मोडायच्या कामातलं आहे. सगळ्यात भारी गोष्ट व्हायटेलोजेनिनची. हे अंड्यातल्या बलकाचा कच्चा माल. मादीच्या यकृतात इस्ट्रोजेनच्या हुकमावरून बनतं. नराकडेही ते जनुक असतं, पण बंद. ब्रिटनमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या तोंडाशी पिंजऱ्यात ट्राउट मासे ठेवले, तो अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. माशांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन हजारो पटींनी वाढलेलं. नरांतसुद्धा! नर मासा अंड्याची तयारी करायला लागला, कारण पाण्यात बायकांच्या शरीरातून आणि गर्भनिरोधक गोळ्यांतून आलेली हार्मोन्स होती. मासा पोहतोय, खातोय, वरून बघाल तर ठणठणीत.

तर तुम्ही म्हणाल, पोहतोय ना, मग झालं. नाही झालं. कॅनडात ओंटारियोमध्ये संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या एका तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. प्रमाण एका लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. आमच्या शेततळ्यात २० लाख लिटर पाणी मावतं असं धरलं, तर या हिशोबाने अख्ख्या तळ्याला लागेल १० मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलच्या ५०० च्या गोळीचा पन्नासावा भाग. तेवढ्यावर नरांमध्ये व्हायटेलोजेनिन चढलं, आणि नंतर फॅटहेड मिनो या छोट्या माशाची तिथली पैदास जवळजवळ संपली. २००७ मध्ये कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी हे छापलं. हार्मोन बंद केल्यावर पुढे काही वर्षांनी मासे परत वाढले ही त्यातली बरी बातमी. पण क्रम बघा. आधी लॉगमध्ये नोंद, मग बऱ्याच काळाने मरण.

मग पाण्याचा रिपोर्ट. तोही काढला होता आम्ही. त्याच शनिवारी मी शेततळ्याचं आणि खालच्या विहिरीचं पाणी बाटल्यांत भरलं आणि एका प्रयोगशाळेत दिलं. विहिरीचं का? तर ती शेततळ्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर, उताराला आहे, आणि घर तिचंच पाणी पितं. दहा दिवसांनी कागद आला. सामू, क्षार, काठिण्य, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड. सगळं मर्यादेत. खाली शिक्का. पिण्यास योग्य.

भाऊने तो कागद मला व्हॉट्सॲप केला आणि खाली लिहिलं, "पाणी ओके आहे."

मला काय वाटलं सांगू? हेल्थ चेक हिरवा आहे आणि कस्टमर बोंबलतोय, तसं. रिपोर्ट खोटा नव्हता. ज्या सहा-सात गोष्टी विचारल्या त्यांची उत्तरं बरोबर होती. कीटकनाशकाचं नावच त्या यादीत नव्हतं, कारण ती वेगळी चाचणी, वेगळं महागडं यंत्र, आणि नेमकं कुठलं औषध शोधायचं ते आधी सांगावं लागतं. रासायनिक चाचणी म्हणजे सिलेक्ट क्वेरी आहे, ज्या कॉलमचं नाव लिहिलं तेवढाच येणार. शिवाय बाटली भरली त्या मिनिटाचं पाणी. लोंढा आला आणि निघून गेला तर बाटलीला पत्ता नाही. मासा मात्र चोवीस तास त्यातच असतो, आणि जे आलं ते सगळं मिळून अंगावर घेतो.

गंमत म्हणजे आपल्या कायद्याला माशांचं हे मोल ठाऊक आहे. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मध्ये सांडपाण्याच्या निकषांत एक ओळ आहे: न मिसळलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात मासे ठेवले तर ९६ तासांनी ९० टक्के जगले पाहिजेत. मला ही ओळ फार आवडली. कोणतं रसायन, किती, ते राहू दे. मासा जगतो का सांग. पण प्रश्न फक्त तेवढाच, जगतो का. म्हणजे पिंग. रिप्लाय आला, सर्व्हर अप. आत सीपीयू शंभर टक्क्यांवर आहे, मेमरी गळतेय, हे पिंग सांगत नाही. यासाठी वापरतात तो झेब्राफिश मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांकडचा. त्याचा संपूर्ण जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि माणसाच्या साधारण ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं त्यात सापडली. म्हणजे लॉग वाचायची सगळी सोय असलेला मासा हाताशी आहे, आणि आपण त्याला विचारतो, "हॅलो, आहेस का?" बस्स.

इथे हैदराबादचा भाग येतो. मी चंदानगरला राहतो. मुंबई हायवेने पुढे गेलं की पटनचेरू. औषध कारखान्यांचं गाव. वीकएंडला त्याच रस्त्याने ढाब्यावर जायचो, कधी डोक्यात आलं नाही. माशांचं वाचता वाचता एक पेपर सापडला आणि त्यात हेच नाव. स्वीडनच्या गॉथेनबर्ग विद्यापीठातल्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी पटनचेरूच्या सामायिक सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं होतं. सुमारे ९० कारखान्यांचं पाणी तिथं यायचं. २००७ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात प्रक्रिया झालेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. त्यांनी हिशोब केला, दिवसाला ४५ किलो. ९० लाख लोकांचा अख्खा स्वीडन पाच दिवसांत घेतो तेवढं एका दिवसात एका नाल्यात.

आणि २००९ चा दुसरा पेपर माशांचा. तेच पाणी ५०० पट पातळ केलं, त्यात ट्राउट मासे ५ दिवस ठेवले आणि यकृतातली हजारो जनुकं मायक्रोअ‍ॅरेवर एकदम वाचली. किती मेले, किती जगले हा प्रश्नच नव्हता. सीवायपी१ए ठळकपणे चढलेलं दिसलं, बाकीही कितीतरी जनुकांचा आवाज वर-खाली झालेला, रक्तातलं फॉस्फेट वाढलेलं. एका बादलीत दोन टमचे सांडपाणी टाकलं तर होईल इतकं पातळ.

ते पाणी त्या काळी इसकावागू, नक्कावागू अशा नाल्यांतून मांजरा नदीला जायचं. मांजरा! लातूर-बीडवाल्यांना ओळख करून द्यायला नको. ती कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. आणि आमच्या बोरीजवळची करपरा फिरत फिरत पूर्णेच्या खोऱ्यात, आणि पूर्णा गोदावरीत. म्हणजे आमच्या कापसावरचं औषध आणि पटनचेरूचं औषध नांदेडच्या पुढे एकाच नदीत भेटणार. पुढे पटनचेरूचं पाणी पाइपलाइनने शहरातल्या मोठ्या सांडपाणी केंद्राकडे न्यायची व्यवस्था झाली. पण नकाशावर त्या दोन निळ्या रेघा जुळताना बघून मी त्या रात्री बराच वेळ झोपलो नव्हतो.

आता "औषध" या शब्दाचं बघा. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. "औषध मारलं का?" "औषधाचं दुकान." तापाची गोळी पण औषध. आणि गावात कोणाबद्दल हळू आवाजात "त्यानं औषध घेतलं" म्हणाले, की पुढे काही विचारायचं नसतं. तीनही अर्थांना एकच शब्द, आणि आम्हाला कधी गोंधळ होत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. ती मेली म्हणून बातमी झाली. ज्यांना नुसती मळमळ झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दुसऱ्या दिवशी परत पंप पाठीला लावला, त्यांची नोंद कुठल्या लॉगमध्ये असेल?

वरच्या रानात मारलं होतं ते प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण. कापसावर सर्रास मारतात, बंदी वगैरे काही नाही. बाटलीवर तो रंगीत त्रिकोण असतो ना.. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मला वाटायचं हा रंग सगळ्या जिवांसाठी. नाही! तो ठरतो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या तोंडावाटे आणि कातडीवाटे जाणाऱ्या मात्रेवरून, आपल्याला काय होईल याचा अंदाज म्हणून. माशाला त्यात मत नाही. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माणसाला त्यामानाने सौम्य, माशाला मात्र अगदी थोडी पुरतात.

एवढं सगळं वाचून मी फुल जोशात बहिणीला म्हणालो, "पुढच्या वेळी लिव्हर काढू, जीन बघू, सिद्ध करू!" तिने थंड पाणी ओतलं.

"काय सिद्ध करू? दादा, जीन सांगतं मार बसला. कोणी मारला ते सांगत नाही. सीवायपी१ए डिझेल इंजिनाच्या गळतीनं पण चढतं. उन्हानं ताणाची जनुकं चढतात, उपास पडला तरी बदलतात, नर-मादीत वेगळी, विणीच्या आधी वेगळी. तुमच्या परभणीच्या मे महिन्यात मासा तसाही शिजत असतो. आधी चांगल्या दिवसांतला, चांगल्या पाण्यातला आकडा पाहिजे. आहे का तुझ्याकडं?"

नव्हता. बेसलाइन नाही तर मॉनिटरिंग कशाचं? हे मी माझ्या ज्युनिअरना शिकवतो, आणि इथे स्वतःच विसरलो होतो.

"आणि प्रोफेनोफॉस असेल तर," ती पुढे म्हणाली, "मी लिव्हरच्या आधी मेंदू बघेन. ते नसांमधल्या एका एन्झाइमलाच अडकवून टाकतं. जनुकाला कळायच्या आत मासा आखडतो. सगळंच लॉगमध्ये येत नाही."

हे "कोणी मारला" प्रकरण इतकं सरळ नव्हतं, त्याचं कारण वेगळंच. वरचं रान आमच्या चुलत चुलत्यांचं. आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो, रान वर आहे म्हणून. त्यांचं आणि आमचं बांधावरून आधीच बिनसलेलं. मासे मेल्यावर भाऊच्या डोक्यात पक्कं बसलं की हे त्यांनीच केलं. मुद्दाम नसेल, पण केलं. त्याला माझ्याकडून कागद हवा होता. इंजिनिअर भावाने इंग्रजीत छापलेला, शिक्क्याचा, तलाठ्यापुढे नाहीतर चावडीवर आपटता येईल असा. मी जीन-बीन बोलायला लागलो की तो एकच विचारायचा, "त्यात काकाचं नाव येतं का?"

मी ऑफिसात ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम नावाचा प्रकार करतो. कोणाची चूक ते नाही, काय घडलं ते लिहायचं. मोठ्या रुबाबात इतरांना समजावतो. भावकीत करून बघा एकदा.

त्या शनिवारी संध्याकाळी मी शेततळ्याच्या काठाने एकटाच फिरलो होतो. चारीच्या तोंडाशी गढूळ फेस होता, वरच्या रानातून पाणी आलं हे दिसतच होतं. मग पलीकडच्या काठाला गेलो. तिथे आमचा निळा ड्रम उभा, शेजारी आमचा फवारणीचा पंप उपडा घातलेला, खाली ओलं. पायाशी त्याच मिश्रणाची रिकामी बाटली. आमच्या रानातली फवारणी बुधवारी झाली होती. पंप भरायला पाणी शेततळ्यातूनच घ्यायचं, सगळ्यात जवळ तेच. आणि फवारून झाल्यावर पंप धुवायचा कुठे?

मी भाऊला विचारलं. तो ड्रमकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजपर्यंत तिथंच धुतला. काही झालं नव्हतं."

"आजपर्यंत मासे नव्हते," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मीही. बाटली मी उचलून पिशवीत घातली आणि नंतर ते चुकीचं वाटलं, पुरावा लपवल्यासारखं, म्हणून परत काढून ड्रमवर ठेवली. त्याने ते बघितलं.

खरं सांगायचं तर मला आजही माहीत नाही ते मासे कशाने मेले. वरच्या पाण्याने, आमच्या पंपाने, का तीन दिवसांच्या ढगांनी ऑक्सिजन संपून. तिन्ही मिळूनही असेल. यकृतं खड्ड्यात गेली.

आजीचा मात्र निकाल त्याच दिवशी लागला होता. ऐंशीच्या पुढची आहे. तिला रिपोर्ट वाचून दाखवला, पिण्यास योग्य. ती म्हणाली, "कागद पितो का पाणी? मासे मेले तिकडचं पाणी मी पिणार न्हाई." आणि तेव्हापासून तिच्यासाठी गावातल्या नळाची वेगळी घागर येते. बाकीचे सगळे विहिरीचंच पितात. मी गेलो की मीही पितो. पहिला घोट घेताना दरवेळी आठवतं, मग विसरतो. तहान लागलेली असते.

पूर्वी विहीर उपसली की तिच्यात मासे-कासव सोडायचे, असं तीच सांगते. पाणी साफ राहतं म्हणून. हिवतापवाले गप्पी मासे टाकून जायचे ते वेगळे. गप्पी गटारातही जगतो, त्याच्या जगण्यावरून काही कळत नाही. तो मेला तर समजायचं की पळा.

यंदा जूनमध्ये आम्ही दोन गोष्टी केल्या. पंप धुवायची जागा बदलली, बांधापलीकडे, विहिरीपासून लांब, उताराच्या उलट अंगाला. आणि शेततळ्यात परत बोटुकली सोडली, पाचशेच. बहिणीने येऊन आल्या आल्या त्यातली सहा मारली, तिथेच काठावर बसून ब्लेडने यकृतं काढली आणि छोट्या नळ्यांमध्ये कसल्याशा द्रावणात बुडवून बर्फाच्या डब्यात घातली. फवारणीच्या आधीची, चांगल्या दिवसांतली. बेसलाइन. कुठे तपासायची हे अजून ठरलेलं नाही, तिच्या एका सरांकडे फ्रीजर आहे, त्यात आहेत. भाऊ सगळा वेळ शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"एवढ्याशा तुकड्यात सगळं लिहिलेलं असतं?" त्याने विचारलं.

"बरंच," ती म्हणाली.

"आपण पंप धुतला ते पण?"

ती हसली. मी नाही हसलो, आणि तोही हसत नव्हता.

निघताना वरचे काका बांधावर भेटले. डबा बघून त्यांनी विचारलं, काय नेताय रे पोरांनो. मी म्हणालो, "मासे." ते म्हणाले, "कापून नेता? आम्हाला न्हाई दिले कधी." तेव्हा भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, काका, दिवाळीला देतो, जगले तर. आणि औषध मारायच्या आधी एक फोन करत जा, चारीचं तोंड बंद करून घेतो.

काकांनी मान हलवली. फोन करतील का, बघू. कापसावर पहिली फवारणी पुढच्या आठवड्यात आहे.